आमची वाटचाल : आधी पत्त्यांचा तक्ता, मग केबल

यवतमाळ-वर्धा पट्ट्यातल्या जिनिंग (कापसातून सरकी काढणारे कारखाने), पतसंस्था, कॉलेजं आणि बाजार समित्यांची नेटवर्क बसवणं आणि सांभाळणं हा आमचा धंदा. सुरुवात कॉम्प्युटर दुरुस्ती आणि सायबर कॅफेच्या वायरिंगपासून झाली. त्या काळात काम सोपं होतं: आठ पोर्टचा स्विच, प्रोव्हायडरचा मोडेम आणि सगळ्या मशीनचे आयपी पत्ते (नेटवर्कवरचे आकडी पत्ते) १९२.१६८.१ ने सुरू होणाऱ्या एकाच पट्टीत. दहा-बारा मशीनपर्यंत हे निभतं. पुढे जिनिंगवाल्यांनी कॅमेरे लावले, हजेरीचं मशीन आलं, वजनकाट्याचा कॉम्प्युटर ऑफिसच्या हिशोबाला जोडायचा झाला, आणि पत्ते ठरवणं हेच कामाचं मूळ होऊन बसलं.

एकाच पट्टीची खरी अडचण अशी. कारखान्यातून निघताना एका कंपनीचे कॅमेरे १९२.१६८.१.६४ वर येतात, दुसऱ्या कंपनीचे १९२.१६८.१.१०८ वर, आणि हजेरीची बरीच मशीन १९२.१६८.१.२०१ वर. नवा कॅमेरा खोक्यातून काढून थेट स्विचला लावला की तिथे आधीच बसलेल्या एखाद्या प्रिंटरशी त्याची गाठ पडते. मग प्रिंटर कधी चालतो, कधी नाही, आणि खापर प्रिंटरवर फुटतं. फायबरचा ओएनटी (प्रोव्हायडरची फायबर जिथे येऊन संपते तो डबा) आणि आतला राउटर दोन्ही १९२.१६८.१.१ वर असले तर राउटरला बाहेरची आणि आतली बाजू एकच वाटते. त्याचा दिवा हिरवा आणि इंटरनेट बंद. शेठजींना नागपूरच्या घरून व्हीपीएनने (इंटरनेटमधून काढलेल्या खासगी बोगद्याने) जिनिंगचा हिशोब पाहायचा असतो, तिथे तर ही पट्टी हमखास नडते. घरच्या राउटरचीही पट्टी तीच असल्यामुळे घरचा लॅपटॉप १९२.१६८.१.५० ला घरातच शोधतो आणि डेटाचं पाकीट बोगद्यात शिरतच नाही. व्हीपीएन जोडलेलं दिसतं, पण काही उघडत नाही.

म्हणून आम्ही १९२.१६८ सोडून १० च्या पट्टीवर गेलो. आरएफसी १९१८ हा इंटरनेटच्या नियमावलीतला दस्तऐवज फेब्रुवारी १९९६ चा. त्यात खासगी वापरासाठी तीन पट्ट्या राखून ठेवल्या आहेत: १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६. तिरक्या रेघेनंतरचा आकडा म्हणजे पत्त्याच्या सुरुवातीचे किती बिट पक्के; तो जितका मोठा तितकी पट्टी लहान, /२४ म्हणजे २५६ पत्ते. पहिलीत /२४ चे ६५,५३६ तुकडे बसतात, त्यामुळे कंजुषी करायचं कारण नाही. आमचा साचा असा: दुसरा आकडा ग्राहकाचा, तिसरा व्हीलॅनचा (त्याच स्विचवर पाडलेल्या वेगळ्या नेटवर्कचा). बारा नंबरच्या जिनिंगमध्ये ऑफिस १०.१२.१०, कॅमेरे १०.१२.२०, वजनकाटा आणि हजेरी १०.१२.३०, पाहुण्यांचं वायफाय १०.१२.४० आणि स्विचचा कारभार १०.१२.९९. व्हीलॅनचा नंबरही तोच: १०, २०, ३०, ४०, ९९. व्हीलॅन ४०९४ पर्यंत घेता येतात, पण पत्त्याचा आकडा २५५ ला संपतो, तेवढं भान ठेवायचं. प्रत्येक तुकड्यात .१ गेटवे (तुकड्याबाहेर जायचं दार, म्हणजे राउटर), .१९ पर्यंत राखीव, .२० ते .९९ हाताने दिलेले पक्के पत्ते, .१०० ते .१९९ डीएचसीपीला (आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेला), पुढचं मोकळं. फोनवर कोणी '१०.१२.२०.३४ बंद आहे भाऊ' म्हणालं की वही न उघडता कळतं, अमुक जिनिंगचा कॅमेरा.

पुस्तकं पत्ते मोजूनमापून कापायला शिकवतात. आमच्या मते एकट्या जिनिंगला त्याची गरज नाही. सगळीकडे /२४ ठेवा, लक्षात राहतं. पण संस्थेच्या मुख्य कार्यालयाने तालुक्याच्या कॉलेजला एकच /२४ दिला असेल तर कापावंच लागतं. समजा मिळाला १०.४०.७.०/२४. गरज अशी: लॅबमध्ये ४५ कॉम्प्युटर, २४ कॅमेरे, ऑफिस आणि स्टाफरूमचे १८, हजेरी-प्रिंटर मिळून ९, स्विच ६, आणि वसतिगृहाकडे जाणारी एक वायरलेस लिंक. नियम एकच, मोठा तुकडा आधी. लॅबला /२६, म्हणजे .० ते .६३, वापरायला ६२ पत्ते. कॅमेऱ्यांना /२७, .६४ ते .९५, वापरायला ३०. ऑफिसला दुसरा /२७, .९६ ते .१२७. हजेरी-प्रिंटरला /२८, .१२८ ते .१४३. स्विचना पुढचा /२८, .१५९ पर्यंत. लिंकला /३०, .१६० ते .१६३, त्यातले .१६१ आणि .१६२ दोन टोकांना. .१९२ पासूनचा अख्खा /२६ हात न लावता ठेवायचा, कारण पुढच्या वर्षी दुसरी लॅब येणारच. छोटा तुकडा आधी कापला की मोठ्याची सुरुवात जागेवर बसत नाही: ३२ चा तुकडा ०, ३२, ६४, ९६ असाच सुरू होतो, .८० वरून सुरू करता येत नाही.

कापलेल्या जागी नेहमीची चूक मास्कची, म्हणजे आपला तुकडा केवढा हे मशीनला सांगणाऱ्या आकड्याची. लॅबच्या एका मशीनवर २५५.२५५.२५५.१९२ ऐवजी सवयीने २५५.२५५.२५५.० टाकलं जातं. त्या मशीनवर इंटरनेट झकास चालतं, कारण गेटवे त्याला तसाही सापडतो. पण .७० चा कॅमेरा त्याला आपल्याच तुकड्यातला वाटतो. ते गेटवेकडे न जाता थेट आर्पची हाक ('हा पत्ता कोणाचा?') मारतं आणि उत्तर येत नाही. काही राउटर प्रॉक्सी आर्पने कॅमेऱ्याच्या वतीने स्वतःच उत्तर देतात. मग चूक लपते आणि राउटर बदलला त्या दिवशी बाहेर पडते. 'इंटरनेट आहे पण कॅमेरा दिसत नाही' असा फोन आला की आम्ही आधी मास्क विचारतो.

तपासणीसाठी आम्ही थरांचा आधार घेतो. आयएसओ या आंतरराष्ट्रीय प्रमाण संस्थेने १९८४ मध्ये ओएसआय या नेटवर्कच्या नमुन्याचे सात थर प्रमाण म्हणून छापले. इंटरनेट मात्र चार थरांच्या टीसीपी-आयपीवर चालतं. आमच्या जॉब कार्डवर पाच रकाने आहेत: केबल, स्विच, पत्ता, पोर्ट, प्रोग्राम. सत्र आणि मांडणी हे ओएसआयचे पाचवे-सहावे थर परीक्षेत येतात, जिनिंगमध्ये वेगळे भेटत नाहीत. खालचा रकाना भरल्याशिवाय वरच्याला हात लावायचा नाही. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? नवीन पोरं मात्र आल्या आल्या राउटरची सेटिंग उघडतात.

केबलच्या रकान्यात आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो. जिनिंगचा वजनकाटा बहुधा गेटवर असतो आणि ऑफिस रेच्यांच्या (सरकी काढायच्या यंत्रांच्या) शेडपलीकडे. तांब्याच्या केबलची हद्द १०० मीटर: भिंतीतली ९० आणि दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड मिळून १०. त्यापुढे फायबर. अंतर कमी असलं तरी दोन इमारतींमध्ये आम्ही फायबरच टाकतो, कारण दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं असतं आणि पावसाळ्यात आसपास वीज पडली की तांब्याची केबल दोन्ही टोकांचे पोर्ट घेऊन जाते. स्वस्त केबलमध्ये अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. तिचा रोध जास्त, म्हणून लांबच्या कॅमेऱ्याला व्होल्टेज कमी पोचतं; दिवसा चालणारा कॅमेरा रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की रिस्टार्ट होत राहतो. ही तक्रार आली की पत्ता तपासण्यात रात्र घालवू नये.

टेस्टरचे आठही दिवे क्रमाने लागले म्हणजे केबल ठीक, हा समजही खोटा. पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी हा क्रम पाळला नाही, पण दोन्ही टोकांना तीच चूक केली, तर दिवे बरोबरच लागतात. आतून मात्र जोड्या फुटलेल्या असतात: ३ आणि ६ नंबरच्या तारा एकमेकींशी पिळलेल्या नसतात आणि शेजारचा गोंगाट आत घुसतो. म्हणून दिव्यांवर न थांबता लिंकचा वेग बघायचा. गिगाबिटचे दोन पोर्ट १०० वर जुळत असतील तर टोक कापून नवीन काढायचं. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. एक जोडी गेलेली केबल त्यामुळे वर्षभर चालतेही, फक्त रेंगाळत.

स्विचच्या थरावर दोन गोष्टी. एक, मॅकच्या (मशीनच्या कारखान्यातूनच येणाऱ्या हार्डवेअर पत्त्यांच्या) तक्त्यात मशीन योग्य पोर्टवर आणि योग्य व्हीलॅनमध्ये दिसतं का. दुसरी, फेरा. झाडताना निघालेली पॅच कॉर्ड कोणीतरी जागा दिसेल तिथे खोचतं, दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये जातात आणि सगळे दिवे एका तालात फडफडू लागतात. साध्या स्विचमध्ये यावर उपाय नाही, म्हणून मुख्य रॅकमध्ये आम्ही स्पॅनिंग ट्रीवाला (फेरा ओळखून तो पोर्ट अडवणारा) स्विचच लावतो. तोही बिनपंख्याचा. रुईचे तंतू पंख्यात गुंडाळले जातात आणि मे महिन्यात पत्र्याखाली तो स्विच टिकत नाही.

पत्त्याच्या थरावर पिंगचा (हाक मारून उत्तर येतं का बघण्याचा) क्रम ठरलेला: आपला गेटवे, मग दुसऱ्या व्हीलॅनचा गेटवे, त्यातलं एखादं मशीन, मग बाहेरचा गूगलचा ८.८.८.८, आणि शेवटी नावाने एखादी साइट. आकड्याने लागतं आणि नावाने लागत नाही, तर दोष डीएनएसचा (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेचा). मशीनचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला डीएचसीपी भेटलेला नाही. आमच्याकडे याचं नेहमीचं कारण लोडशेडिंग: लाइन येते तेव्हा मशीन आधी उठतं, स्विच आणि राउटर मागून. म्हणून राउटर, स्विच आणि ओएनटी तिन्ही यूपीएसवर, आणि कॅमेरे-काट्याला पत्ते पक्केच. बँकेची साइट अर्धवट उघडत असेल तर पाकिटाचा आकार तपासतो. 'तुकडे करू नका' असं सांगून १४७२ बाइटचा पिंग पाठवायचा. वरचे २८ बाइट धरून १५०० होतात. पीपीपीओईच्या (युजरनेम-पासवर्डने जोडल्या जाणाऱ्या) लाइनवर १४७२ अडकतो आणि १४६४ जातो, कारण तिथे ८ बाइट आधीच खर्ची पडलेले असतात.

पिंग लागला नाही म्हणजे मशीन बंद, असं नाही. विंडोजची फायरवॉल बऱ्याचदा पिंगला उत्तरच देत नाही. म्हणून चौथा रकाना पोर्टचा, म्हणजे स्विचच्या खाचेचा नव्हे, मशीनवरच्या प्रोग्रामच्या नंबरी दाराचा: कॅमेऱ्याचा ५५४ उघडा आहे का, हिशोबाच्या सर्व्हरचा पोर्ट ऑफिसमधून लागतो का, आणि पाहुण्यांच्या वायफायवरून तोच पोर्ट लागत नाही ना. ही शेवटची तपासणी बरेच जण करत नाहीत. न लागणंही तपासून, सही घेऊन द्यावं लागतं.

हे सगळं आम्ही आधी पॅकेट ट्रेसरवर (कॉम्प्युटरवरच नेटवर्क मांडून बघायच्या प्रोग्रामवर) मांडतो, मग दुकानातल्या टेबलावर खरा राउटर-स्विच जोडून, एकेक केबल आणि वीज काढून बघतो. जिनिंगची जोडणी पोळ्याच्या आसपास उरकून टाकायची. दसऱ्यानंतर गाड्यांची रांग लागली की काटा कोणी तासभरही बंद ठेवू देत नाही.

अलीकडची नवी डोकेदुखी बाहेरच्या पत्त्याची. जगाच्या साठ्यातले आयपीव्ही४ चे (वर वापरलेल्या चार आकडी पत्त्यांचे) शेवटचे गट फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले, आणि लहान प्रोव्हायडर एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवतात. राउटरच्या बाहेरच्या बाजूला १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला की समजायचं, पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरची हाक आतल्या मशीनकडे वळवणं) कितीही केलं तरी बाहेरून कोणी आत येणार नाही. स्थिर पत्ता विकत घ्यायचा, नाहीतर आतून बाहेरच्या सर्व्हरला व्हीपीएन लावायचं. ऑर्डर घेण्याआधीच हे तपासतो, कारण घरून कॅमेरे बघायचे म्हणूनच अर्धे ग्राहक येतात.

आता आयपीव्ही६ चं (नव्या, लांब पत्त्यांचं) काम हळूहळू सुरू केलं आहे. साचा तोच ठेवला: प्रत्येक व्हीलॅनला एक /६४ आणि व्हीलॅनचा नंबर पत्त्यात दिसेल असा. प्रोव्हायडरकडून /५६ मिळाला तर २५६ व्हीलॅन होतात; एकच /६४ मिळाला तर दुसऱ्या व्हीलॅनला द्यायला काही उरत नाही. शिवाय लाइन तुटून जोडली की पुढचा भाग बदलू शकतो, म्हणून काटा, प्रिंटर आणि सर्व्हरला आम्ही एफडीने सुरू होणारे आतले पत्तेही देतो. त्यातले ४० बिट प्रत्येक ग्राहकासाठी सॉफ्टवेअरकडून आंधळेपणाने उचलून घ्यायचे. हाताने एक-दोन-तीन टाकले तर दोन जिनिंग व्हीपीएनने जोडताना १९२.१६८.१ चाच घोळ पुन्हा समोर येतो. आणि इथे नॅटचा (आतले पत्ते एका बाहेरच्या पत्त्यामागे झाकण्याचा) आडोसा नसतो, त्यामुळे बाहेरून येणारं सगळं अडवणारा फायरवॉलचा नियम आधी लिहायचा, पत्ते नंतर चालू करायचे.