बटण काजात जाईना

३० वर्षं मी लोकांचे शर्ट शिवतोय. गेल्या पाडव्याला माझ्याच शर्टाचं वरचं बटण काजात जाईना. शेवटी बायकोला हाक मारली. त्याआधी सुईत दोरा ओवायला वेळ लागायचा, ते मी चष्म्याच्या नंबरावर ढकललं होतं. चालताना पायातली चप्पल मागे राहायची आणि मला पत्ताच नसायचा. मान मात्र कधी दुखली नाही, म्हणून तिच्यावर संशयही आला नाही.

ज्याला त्याला एकच निदान ठाऊक : "मणक्यात गॅप आलाय." एकाने मान मोडून देणाऱ्याचा नंबर दिला. गेलो नाही, नशीब माझं.

न्यूरोसर्जनांनी १० सेकंदांत मुठीची उघडझाप करायला सांगितली. २० वेळा तरी व्हायला हवी, म्हणे. माझी ११ वर थांबली. मग माझ्या मधल्या बोटाचं नख दाबून टचकन सोडलं, तर अंगठा आपसूक आत वळला. मी हललोही नव्हतो!

रक्तात बी-१२ ठीक निघालं. ते कमी असलं तरी चाल अशीच बिघडते. एमआरआयमध्ये खरं कळलं. मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली झिजलेली चकती आणि वाढलेलं हाड मज्जारज्जूलाच चेपत होतं. सर्व्हायकल मायलोपॅथी. बाजूची नस दबली की हातात कळ येते, माणूस लगेच दवाखाना गाठतो. मज्जारज्जू दबला तर बऱ्याचदा दुखतच नाही, हातापायांचं काम गुपचूप कमी होत जातं. पुढे लघवीवरचा ताबाही सुटू शकतो. गोळ्यांनी हा दाब हटत नाही.

"ऑपरेशननंतर हात पहिल्यासारखे होतील ना?"

"अहो, आणखी बिघडू नये म्हणून करायचं. सुधारेल ती कमाई."

गळ्याच्या पुढच्या बाजूने चकती काढली, जागी पिंजरा (मणक्यांमध्ये आधाराला बसणारा छोटा पोकळ ठोकळा) बसवून प्लेट ठोकली. आठवडाभर आवाज घोगरा, घास उतरेना. भाकरी दुधात कुस्करून खाल्ली.

आठ महिने झाले. चप्पल आता पायात राहते. कटिंग मी करतो, काज-बटण आणि हातशिलाई पुतण्याकडे. माझ्या शर्टांना त्याने टिचबटणं लावून दिलीत.