पंचवीस रुपयांचं तिकीट आणि दिल्लीतला सव्वा तास

दिल्लीहून परत येऊन दोन महिने झाले, तरी त्या तिकीट खिडकीची आठवण निघाली की माझं डोकं अजून तापतं. म्हणून हे लिहून ठेवतेय. ज्यांच्याकडे सुट्टीत परदेशातून भाऊ-बहीण, मुलं-नातवंडं येतात आणि त्यांना आपल्या देशातल्या चार जुन्या वास्तू दाखवायच्या असतात, त्यांनी निघण्याआधी हे जरूर वाचा.

आमची मंडळी अशी. मी ठाण्याची. धाकटा भाऊ वीस वर्षं अमेरिकेत, त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलंय आणि ओसीआय कार्ड काढलंय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला आपलं सरकार देतं ती पुस्तिका. भावजयीकडे ग्रीन कार्ड, म्हणजे पासपोर्ट अजून आपलाच. थोरला भाचा सतरा वर्षांचा, धाकटा तेरा. दोघांचे पासपोर्ट अमेरिकेचे आणि दोघांनाही ओसीआय. डिसेंबरात चार दिवस दिल्ली करायची हे थोरल्यानेच ठरवलं, त्याला इतिहासाचं वेड आहे. विमान, हॉटेल, मेट्रो सगळं सुरळीत झालं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

आधी तिकिटांचं गणित सांगते, कारण सगळं रामायण त्यावरच झालं. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांचे दोन वर्ग आहेत. कुतुबमिनार, हुमायूनची कबर अशी जागतिक वारसा यादीतली ठिकाणं वरच्या वर्गात येतात. तिथे भारतीयांना रोखीने ४० रुपये आणि परदेशी पाहुण्यांना ६००. पुराना किल्ला, सफदरजंगची कबर, जंतरमंतर, तुघलकाबाद वगैरे खालच्या वर्गात. तिथे २५ आणि ३००. ऑनलाइन काढलं तर भारतीयांना पाच रुपये आणि परदेशी पाहुण्यांना पन्नास रुपये कमी पडतात. आणि ओसीआय कार्ड असलेल्या माणसाला भारतीयांचाच दर लागतो. केंद्रीय गृह मंत्रालयाची ४ मार्च २०२१ ची अधिसूचना आहे. त्यात स्वच्छ लिहिलंय की राष्ट्रीय उद्यानं, अभयारण्यं, राष्ट्रीय स्मारकं, ऐतिहासिक स्थळं आणि संग्रहालयं यांच्या प्रवेश शुल्कात ओसीआयधारकाला भारतीय नागरिकाच्या बरोबरीने वागवायचं. देशांतर्गत विमानभाड्यालाही तेच लागू आहे. त्यांना मतदानाचा हक्क नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, ते वेगळं. पण किल्ला बघायला तिकीट आपल्याच दराने.

पहिल्या दिवशी कुतुबमिनारला आम्ही ओसीआयच्या पुस्तिका हॉटेलच्या तिजोरीतच ठेवून गेलो होतो. भावाच्या फोनमध्ये फोटो होता, पण फोटोवर तिकीट मिळत नाही आणि ते बरोबरच आहे. दोघांचे बाराशे भरले. चूक आमची होती, त्यामुळे तक्रार नाही. तेव्हापासून मूळ पुस्तिका माझ्या पर्समध्ये.

आता ती खिडकी. ठिकाणाचं नाव लिहीत नाही. खालच्या वर्गातलं ठिकाण होतं, एवढंच सांगते.

सकाळी अकरा-वीसला आम्ही रांगेत आमचा नंबर येऊन उभे राहिलो. मी चार भारतीय तिकिटं मागितली, धाकट्याचं तिकीट लागत नाही म्हणून सांगितलं. आतल्या माणसाने चौघांकडे पाहिलं. थोरल्याच्या पाठीवरच्या सॅकवर त्याच्या शाळेचं इंग्रजी नाव होतं, ते त्याने वाचलं असावं. म्हणाला, "पासपोर्ट दिखाइए." मी सगळे पासपोर्ट आणि दोन ओसीआय पुस्तिका एकत्रच खिडकीत सरकवल्या. त्याने वरचा पासपोर्ट उलटून मुखपृष्ठ पाहिलं आणि बाकी काही न उघडता म्हणाला, "ये तो अमेरिका का है. फॉरेनर का तीन सौ. दो जन का छह सौ."

मी ओसीआय पुढे केलं. "ये वीज़ा है," तो म्हणाला, "वीज़ा तो सबके पास होता है."

ओसीआयची पुस्तिका पासपोर्टसारखीच दिसते, वर राजमुद्रा असते. ज्याने कधी पाहिली नाही त्याचा गोंधळ होऊ शकतो, हे मला मान्य आहे. पण उघडून वाचायला काय हरकत होती? मी तीनदा सांगितलं की ओसीआयला भारतीय दर आहे, आणि तीनदा त्याने भिंतीवरच्या फलकाकडे बोट दाखवलं. फलकावर भारतीय, सार्क, बिमस्टेक (हे दोन्ही आपल्या शेजारी देशांचे गट), विदेशी एवढंच. ओसीआयचा शब्द नाही. त्याच्या दृष्टीने जे फलकावर नाही ते अस्तित्वातच नाही.

भावाने पासपोर्ट परत घेतला, माहितीचं पान उघडलं आणि जन्मस्थानाच्या ओळीवर बोट ठेवून पुन्हा खिडकीत धरला. तिथे इंग्रजीत 'इंडिया' छापलेलं आहे. तो काही बोलला नाही, नुसतं बोट ठेवून उभा राहिला. आतल्या माणसाने पाहिलं आणि मागच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

आम्ही बाजूला झालो. भाऊ म्हणाला, "ताई, देऊन टाक ना. पोरं ताटकळलीत." तेवढ्यात धाकट्याने विचारलं, "आत्या, आईचे पंचवीस आणि बाबाचे तीनशे का?" मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. सहाशे रुपये माझ्या पर्समध्ये होते, पण ते द्यायचे नाहीत हे मी तिथेच ठरवलं. शासनाने जे लिहून दिलंय ते माझ्या भावाला मिळालंच पाहिजे.

पुन्हा खिडकीवर गेले. "ऑफिस अंदर है, साहब से पूछ लो," असं उत्तर मिळालं. फाटकावर गेले, तर सुरक्षारक्षक म्हणाला, "टिकट?" ऑफिसात जायचंय म्हटलं. "बिना टिकट अंदर नहीं." म्हणजे तिकिटाची तक्रार करायला आत जायचं आणि आत जायला तिकीट हवं! मी दोनदा खिडकी ते फाटक अशा चकरा मारल्या. मग लक्षात आलं की माझं स्वतःचं तिकीट तर मी घेऊ शकते. पंचवीस रुपये भरले आणि एकटी आत गेले. हे मला पहिल्या पाच मिनिटांत सुचलं असतं तर अर्धा तास वाचला असता. तुमच्यावर अशी वेळ आली तर भारतीय पासपोर्टवाल्याने आधी स्वतःचं तिकीट काढून आत जावं.

ऑफिस म्हणजे एका बाजूची खोली. टेबल, रजिस्टर, खुर्चीवर टॉवेल, आणि माणूस नाही. शिपाई म्हणाला, साहेब राउंडवर गेलेत, बसा. बाकावर बसून मी फोनवर ती अधिसूचना शोधली. राजपत्राची प्रत मिळाली, पण पीडीएफ इतकी बारीक अक्षरात की बोटांनी मोठी करून ओळ शोधावी लागली. राजपत्रात आधी हिंदी मजकूर असतो आणि नंतर इंग्रजी. मी हिंदी पानावरची ती ओळ शोधून स्क्रीनशॉट काढून ठेवला. हा सगळ्यात उपयोगी पडला, कारण पुढे जो वाद होणार होता तो हिंदीतच होणार होता.

पंचवीस मिनिटांनी साहेब आले. वयाने माझ्याहून लहान, स्वेटर घातलेला तरुण अधिकारी. शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, कार्ड दाखवा. कार्ड भावाकडे, भाऊ फाटकाबाहेर! खिडकीतून परत घेतल्यावर पुस्तिका त्याच्याच हातात राहिल्या होत्या. बाहेर गेले तर तेच तिकीट पुन्हा चालेल का, ही नवी धास्ती. रक्षकाला सांगून गेले, माझा चेहरा त्याच्या लक्षात होता म्हणून त्याने परत सोडलं. तेव्हा कागद ज्याचे असतील त्याच्याकडे राहू देऊ नका. जो भांडायला जाणार त्याच्याकडे मूळ कार्ड, पासपोर्ट, सगळं द्या.

अधिकाऱ्यांनी पुस्तिका उघडून नाव आणि पासपोर्ट ताडून पाहिले. मी फोन पुढे केला. त्यांनी ती हिंदी ओळ हळूहळू, ओठ हलवत वाचली. दोनदा वाचली. मग खिडकीवर फोन लावला आणि म्हणाले, "ओसीआई वालों को इंडियन टिकट दे दो. हाँ, ऑर्डर है, मैंने देखा है." मला म्हणाले की ही गोष्ट नेहमी येत नाही, खिडकीवरच्या मुलांना माहीत नसते. मी त्यांना विनंती केली की फलकावर एक ओळ लिहून घ्या. त्यांनी मान डोलावली. त्या माणसाबद्दल माझ्या मनात काही नाही, त्यांनी वाचून निर्णय दिला.

बारा-पस्तीसला आमच्या हातात उरलेली तीन तिकिटं आली. पंचवीस, पंचवीस, पंचवीस. खिडकीतला माणूस काही बोलला नाही, मीही बोलले नाही. पण मला जो आनंद झाला तो मोठ्या लढाईत जिंकल्यासारखा होता, आणि तो मी लपवणार नाही. भावाने त्याचं तिकीट ओसीआयच्या पुस्तिकेत घालून ठेवलं, ते अजून तिथेच आहे.

त्या संध्याकाळी हॉटेलजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात अधिसूचनेच्या हिंदी पानाच्या दोन प्रती काढल्या आणि ती ओळ पिवळ्या पेनने रंगवली. पुढे आग्र्यालाही नेल्या. ताजमहालला तर फरक आणखी मोठा आहे. परदेशी पाहुण्याला ११०० आणि भारतीयाला ५०, मुख्य कबरीत जायचे २०० सगळ्यांना वेगळे. आणि ताज शुक्रवारी बंद असतो, लाल किल्ला सोमवारी. हे दोन वार डोक्यात ठेवूनच बेत आखा. ऑगस्टात जाणार असाल तर १५ ऑगस्टच्या तयारीसाठी लाल किल्ला त्याआधी काही दिवस बंद ठेवतात, तेही बघा.

ऑनलाइन तिकिटाला रांग टळते हे खरं, पण ओसीआयवाल्यांनी खिडकीवरूनच घ्यावं असं मला वाटतं. वाद झालाच तर पैसे भरण्याआधी होतो.

एवढं सगळं करून पाहायला काय मिळालं, तेही सांगायला हवं. लाल किल्ल्यात दिवाण-ए-खासमध्ये मी थोरल्याला छत बघायला लावलं. शाहजहानच्या काळी ते चांदीचं होतं. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा फौजेला पैसा नव्हता, म्हणून ती चांदी उतरवून वितळवली. त्यानंतर पाचेक महिन्यांत पानिपत झालं. तो त्या छताखाली मान वर करून कितीतरी वेळ उभा होता. पानिपत म्हणजे काय हे त्याला माझ्या तोंडून माहीत होतं, पण पानिपताच्या आधी आपली माणसं याच जागी उभी होती हे त्याला ठाऊक नव्हतं.

हुमायूनच्या कबरीला दुपारी तीननंतर जा, लाल दगडावर ऊन तिरकं पडतं. आत शिरल्यावर सरळ मुख्य इमारतीकडे धावू नका, उजव्या हाताला इसाखानाची अष्टकोनी कबर आहे, ती हुमायूनच्या कबरीहूनही वीसेक वर्षं जुनी. १८५७ साली बहादूरशाह जफर याच आवारात इंग्रजांच्या हाती लागला. कुतुबच्या आवारातल्या लोखंडी खांबाभोवती आता कठडा आहे, हात लावता येत नाही. धाकट्याला त्याचीच फार हळहळ वाटली. सोळाशे वर्षांचं लोखंड आणि गंज नाही, कारण त्यात फॉस्फरस जास्त असल्यामुळे वर एक पातळ संरक्षक थर धरलाय, हे त्याला भावाने समजावलं. मिनारावर चढायची परवानगी १९८१ च्या चेंगराचेंगरीनंतर बंदच आहे. त्यामुळे मुलांना आधीच सांगून ठेवा, आमच्याकडे तिथे पोचल्यावर रुसवा झाला. कुतुबमिनार नावाचं मेट्रो स्टेशन मिनारापासून चांगलं दीड किलोमीटर लांब आहे, तिथून रिक्षा करावी लागते. लाल किल्ल्याचं स्टेशन मात्र जवळ आहे.

डिसेंबरात सकाळी धुकं असतं, दहाच्या आत निघून उपयोग नाही. पण साडेपाचला अंधारायला लागतं, म्हणून दिवसाला दोनच मोठी ठिकाणं ठेवा. खिडकीवर सव्वा तास गेला त्या दिवशी आमचं दुसरं ठिकाण राहिलंच.

आणखी एक राहिलं. पंधरा वर्षांखालच्या मुलांना कुठल्याही देशाची असली तरी तिकीट नाही. पण आमचा धाकटा तेराव्या वर्षीच माझ्या डोक्याएवढा झालाय, दोन ठिकाणी फाटकावर त्याचं वय विचारलं. तेव्हा मुलांचेही पासपोर्ट बरोबर ठेवा.