ऑफिस नेटवर्कवरचा मेनू: एकाच जागी, पण ज्याचा त्याचा

ऑफिसात पीसी वाढले की प्रत्येक मशीनवर जाऊन शॉर्टकट बनवत बसणं परवडत नाही, कारण एखादा प्रोग्राम दुसऱ्या सर्व्हरवर हलवला की तेच सगळं पुन्हा, आणि लोकांनी तोवर ते शॉर्टकट कॉपी करून, नावं बदलून कुठेकुठे ठेवलेले असतात ते वेगळंच. यासाठी विकतचे लाँचर (प्रोग्रामची यादी दाखवून तिथूनच ते उघडून देणारी सॉफ्टवेअर) मिळतात, पण डोमेन (सगळे युजर आणि पीसी एकाच सर्व्हरवरून सांभाळायची विंडोजची व्यवस्था) असेल तर विंडोजमध्ये जे आहे त्यातच बहुतेक काम भागतं.

माझी पद्धत साधी आहे. सर्व्हरवर एक शेअर्ड फोल्डर, त्यात विभागाप्रमाणे सबफोल्डर, आत नुसते शॉर्टकट. हाच आपला मेनू. परमिशन द्यायची ती ग्रुपला (म्हणजे विभागाप्रमाणे केलेल्या युजरच्या यादीला), माणसाला कधीच नाही. "फक्त ह्याला देऊन टाक ना" एकदा सुरू झालं की पुढे कुणाला काय दिसतंय ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. मग त्या शेअरच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस बेस्ड एन्युमरेशन चालू करायचं. विंडोज सर्व्हर २००३ च्या सर्व्हिस पॅक १ पासून आहे हे, तरी बऱ्याच ठिकाणी कुणी हात लावलेला नसतो. ज्याला वाचायची परमिशन नाही त्याला तो फोल्डर किंवा फाइल दिसतच नाही, म्हणजे फोल्डर एकच पण अकाउंट्सवाल्याला त्याचं दिसतं, स्टोअरवाल्याला त्याचं. फक्त वरच्या फोल्डरकडून वारशाने येणारी परमिशन आधी तोडा, नाहीतर सगळ्यांना सगळं दिसत राहतं, आणि चेक करताना ॲडमिन लॉगिनने करू नका, त्याला तसंही सगळं दिसतं.

हो, आणि लपवलं म्हणजे कुलूप लागलं असं नाही. शॉर्टकट दिसत नसला तरी ज्याला पाथ माहीत आहे तो थेट टाइप करून प्रोग्राम चालवेलच, तेव्हा मूळ प्रोग्रामच्या फोल्डरला आणि डेटाबेसच्या लॉगिनला परमिशन वेगळी लावावीच लागते.

माणसाची बदली झाली की ग्रुप बदलायचा, झालं. त्यावर लगेच फोन येतो की नवीन मेनू दिसत नाही. ग्रुपची यादी लॉगिनच्या वेळी ठरते, त्यामुळे लॉगऑफ करून परत यायला सांगायचं, नुसतं रिफ्रेश मारून उपयोग नाही.

दुसरा रस्ता ग्रुप पॉलिसी प्रेफरन्सेसचा, म्हणजे डोमेनमधून सगळ्या पीसींवर सेटिंग पाठवायच्या सोयीचा. त्यात शॉर्टकट बनवून आयटम लेव्हल टार्गेटिंगने तो कुठल्या ग्रुपला द्यायचा ते निवडता येतं आणि "लागू नसेल तेव्हा काढून टाक" अशी एक टिकमार्कही आहे. चांगलं आहे, पण मला फोल्डरवालं आवडतं कारण शॉर्टकट बदलायचं काम मग विभागातल्या एखाद्या हुशार माणसाकडे सोपवता येतं, त्याला पॉलिसी उघडून द्यावी लागत नाही.

मेनू थेट सर्व्हरवरून दाखवला तर सर्व्हर गेला की मेनूही गेला. म्हणून लॉगिन स्क्रिप्टमध्ये (लॉगिन होताच आपोआप चालणाऱ्या कमांड्समध्ये) रोबोकॉपी ही विंडोजचीच फाइल कॉपी करायची कमांड लावून तो युजरच्या स्टार्ट मेनूतल्या एका फोल्डरमध्ये मिरर करून टाकायचा. मिररमध्ये सर्व्हरवर जे नाही ते इकडून पुसलंही जातं, त्यामुळे ऑफिसचा फोल्डर वेगळा आणि युजरचा स्वतःचा वेगळा, हे पहिल्यापासून ठरवा. मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचं हेच. पूर्ण मेनू लॉक केला की लोक डेस्कटॉपवर स्वतःचं दुकान मांडतात, आणि पूर्ण मोकळा सोडला की कुणीतरी पगाराचा प्रोग्राम डिलीट करून "गायब झाला" म्हणतो. ऑफिसचा भाग आपला, बाकी त्यांचा, तिथे ते काय वाट्टेल ते ठेवोत. विंडोज १० च्या स्टार्ट लेआउटमध्येही अशी अर्धी लॉक करायची सोय होती, टाइल्सचे ठरावीक गट पक्के आणि बाकीच्या टाइल्स मोकळ्या. विंडोज ११ मध्ये त्या लेआउटची एक्सएमएल फाइल गेली, पिन करायची यादी जेसन नावाच्या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये आली, आणि टास्कबारवर फोल्डरचा टूलबार लावायची सोयही काढून टाकली. साध्या फोल्डरचा मेनू मात्र दोन्हीकडे तसाच चालतो.

शॉर्टकट बनवताना ड्राइव्ह लेटर टाळा, सर्व्हरच्या नावाने पूर्ण पाथ द्या, कारण एफ ड्राइव्ह सगळीकडे एकच असेल याची खात्री नाही. पण बॅच फाइल (ओळीने कमांड्स लिहिलेली फाइल) असेल तर कमांड प्रॉम्प्टला असा नेटवर्क पाथ चालू फोल्डर म्हणून चालत नाही, तिथे पुशडी (pushd) ही कमांड वापरली की ते स्वतःच तात्पुरता ड्राइव्ह जोडून घेतं. जुने प्रोग्राम आपली सेटिंग फाइल चालू फोल्डरमध्ये शोधतात, तेव्हा शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमधला "स्टार्ट इन" हा रकाना रिकामा ठेवू नका. आयकॉन लोकल डिस्कवर कॉपी करा, नाहीतर बंद पडलेल्या सर्व्हरवरचा आयकॉन शोधत एक्सप्लोरर अडकून बसतो. आणि नावं कामाची द्या, "पगार", "आवक नोंद", प्रोग्रामच्या एक्सई फाइलचं नाव बघून कुणाला काही कळत नाही.

जमलं तर प्रोग्राम एका छोट्या बॅच फाइलमधून चालवा, जी आधी तारीख, युजर आणि प्रोग्राम एका लॉगमध्ये लिहील. कुठला शॉर्टकट कुणी वापरतच नाही ते त्यातून दिसतं आणि मेनू आटोक्यात राहतो. फक्त दोन-तीन महिन्यांचा लॉग बघून लगेच कात्री लावू नका, वर्षअखेरीचे प्रोग्राम वर्षातून एकदाच उघडले जातात.