ओंडक्यांच्या वाटेवर सायकल: ब्लॅक फॉरेस्टमधली ग्रॅव्हल भटकंती

जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टच्या जंगलात खडीचे जे रस्ते आहेत ते लाकूड वाहून नेण्यासाठी बांधलेत, आणि ग्रॅव्हल सायकलवाल्यांना, म्हणजे रुंद टायरच्या सायकली घेऊन खडीच्या वाटांवर फिरणाऱ्यांना, ते इतके मानवतात त्याचं कारणही तेच. चाळीस टनांचा भरलेला ट्रक ज्या वाटेने खाली उतरवायचा, तिचा उतार बेताचाच ठेवावा लागतो. वळणं ऐसपैस, खाली दगडांचा पक्का थर, वर दाबून बसवलेली बारीक खडी, पाणी निघून जावं म्हणून मध्ये किंचित फुगीर आणि कडेला चर. म्हणून इथला चढ लांबच लांब असतो, पण अंगावर येत नाही. एक लय सापडली की तास-दीड तास त्याच गिअरवर पाय फिरत राहतात.

मी स्टुटगार्टला राहतो, त्यामुळे उत्तरेकडचा भाग मला जवळ. सायकल रेल्वेगाडीत घालायची आणि फ्रॉयडनश्टाटला उतरायचं. गर्दीच्या वेळा तेवढ्या टाळाव्यात, सायकलींचा डबा भरला की पुढच्या गाडीची वाट बघावी लागते. हे गाव १५९९ मध्ये व्युर्टेम्बर्गच्या फ्रीडरिश ड्यूकने वसवलं, आखणी हाइनरिश शिकहार्ट या त्याच्या स्थपतीची. मधला बाजारचौक जर्मनीतला सगळ्यात मोठा म्हणून ओळखला जातो. तिथल्या बेकरीत पाव घ्यायचा, बाटल्या भरायच्या आणि पश्चिमेला क्नीबिसच्या दिशेने चढायला लागायचं. रविवारी दुकानं बंद असतात, हे नव्या माणसाने आवर्जून लक्षात ठेवावं.

ब्लॅक फॉरेस्ट, जर्मनमध्ये श्वार्त्सवाल्ड, म्हणजे हा सगळा डोंगराळ पट्टा, ऱ्हाईन नदीच्या कडेने दक्षिणोत्तर दीडशे किलोमीटरहून जास्त पसरलाय. सर्वांत उंच शिखर फेल्डबेर्ग १४९३ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून कमीच. त्या आकड्यावर मात्र जाऊ नका. एका दरीत उतरून दुसऱ्या धारेवर चढायचं, असं दिवसभर चालतं आणि संध्याकाळी बेरीज केली तर दीड हजार मीटर चढाई सहज भरते.

उत्तर भागातला खडक तांबडा वालुकाश्म, दक्षिणेत ग्रॅनाइट आणि नाइस. फरक टायरखाली जाणवतो. दक्षिणेतली खडी टोकदार आणि करकरीत, इथली वाळूत मिसळलेली, मऊ. पाऊस पडून गेला की मोजे, पाठ, बाटली सगळं तांबडं होतं, थेट कोकणातल्या वाटांसारखं. तीव्र उतारावर रस्त्याला आडव्या पन्हळी बसवलेल्या असतात. त्या तिरक्या घेऊ नयेत, चाक सरळ काटकोनात न्यावं आणि त्या क्षणी ब्रेक सोडावा.

क्नीबिसच्या अलीकडे एका वळणावर रस्ताभर लाल-पांढरी पट्टी बांधलेली होती. पाटीवर झाडतोड चालू असल्याची आणि जिवाला धोका असल्याची सूचना. शेजारी हेल्मेट घातलेला एक वनकामगार उभा.

‘वर यंत्र चालू आहे. वरून निरोप आला की सोडतो तुम्हाला,’ तो म्हणाला.

‘किती वेळ लागेल?’

‘अर्धा तास धरा. घाई असेल तर मागच्या फाट्यावरून जा.’

घाई नव्हती. रस्त्याकडेला ओंडक्यांची रास होती, तिच्यापाशी जाऊन बसलो. एकेक ओंडका माझ्या छातीइतका रुंद. कापलेल्या तोंडावर निळ्या रंगाने आकडे फवारलेले, सालीच्या कडेला राळेचे थेंब अजून ओले. बोट लावलं तर चिकटलं आणि तो वास संध्याकाळपर्यंत हँडलबारवर राहिला. बाहेरच्या बाजूची वर्तुळं इतकी दाट होती की नख ठेवून मोजता येईनात.

त्या माणसाशी गप्पा झाल्या. ही सगळी स्प्रूसची, म्हणजे सुईसारख्या पानांची झाडं, तो सांगत होता. २०१८ पासूनच्या कोरड्या उन्हाळ्यांनी ती कमजोर झाली आणि सालीखाली राहणाऱ्या किड्यांनी डोंगरच्या डोंगर वाळवले. किडलेलं झाड वेळेत बाहेर काढलं नाही तर शेजारचंही जातं. आता मध्ये मध्ये बीच, ओक, सिल्व्हर फर लावतात. त्या गप्पांनी एक गोष्ट नीट कळली: आपण ज्याला दाट रान म्हणतो त्यातला मोठा भाग माणसाने लावलेला आहे. काच कारखाने, कोळसा आणि लाकडाचा व्यापार यांनी हे डोंगर एकेकाळी बोडके केले होते, मग एकोणिसाव्या शतकात भराभर वाढणारा स्प्रूस सगळीकडे लावला गेला.

म्हणून पट्टी दिसली की थांबावं, असं मी पोटतिडकीने सांगेन. तिच्याखालून सायकल सरकवणारे मी पाहिलेत. पलीकडे तीस मीटर उंचीचं झाड कोसळत असतं आणि तोडणाऱ्याला आपण येतोय हे दिसतच नाही. आपण त्यांच्या कामाच्या जागेत आलेले पाहुणे आहोत.

कायदाही माहीत असावा. जर्मनीत जंगलात कोणालाही जाता येतं, मालकी खासगी असली तरी. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र दोन मीटरपेक्षा अरुंद पायवाटेवर सायकल चालवायला मनाई आहे. माउंटन बायकवाले या नियमावर बरीच वर्षं भांडताहेत. ग्रॅव्हलवाल्यांचं फारसं बिघडत नाही, कारण ट्रकचे रस्ते तीन मीटरच्या पुढचेच.

क्नीबिसहून उत्तरेला रूहेश्टाइनपर्यंतची धार मला सगळ्यात आवडते. १९९९ च्या २६ डिसेंबरला लोथार नावाचं वादळ इथून गेलं आणि काही तासांत डोंगरमाथे आडवे झाले. श्लिफकोप्फजवळ एक तुकडा मुद्दाम न आवरता ठेवलाय. लाकडी पायऱ्यांवरून चालत त्यातून फिरता येतं, सायकल अर्थात बाहेर. उन्मळलेली खोडं करडी पडलीत आणि त्यांच्यामधून कोणी न लावलेली नवी झाडं डोक्यावर गेलीत. लाकूडतोडीचं जंगल पाहून इथे यावं, मग फरक डोळ्यांत भरतो. २०१४ मध्ये या भागात राष्ट्रीय उद्यान झालं. तिथे सायकल ठरवून दिलेल्या रस्त्यांवरच चालवायची, कारण कॅपरकेली हा मोठा, लाजाळू रानपक्षी इथे अंडी घालतो आणि वर्दळ त्याला सोसत नाही.

दुसरी वाट बाड विल्डबाडहून काल्टनब्रॉनची. दरीतून वर यायला केबलची रेल्वे आहे, पण सायकलने चढण्यातच खरी मजा. पठारावर ग्र्यूनह्युट्टं नावाचं जंगलातलं खानावळीचं घर लागतं, तिथला ब्लूबेरीचा पॅनकेक प्रसिद्ध आहे आणि ती प्रसिद्धी त्याने कमावलेली आहे. पुढे विल्डझेची दलदल. सायकलला कुलूप घालून फळ्यांच्या वाटेने आत गेलो. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, कडेला शेवाळाची ओली गादी, त्यात खुरटे पाइन. ही पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळाची माती वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते. फळीवरून एक पाय खाली टाकला की कित्येक वर्षांची वाढ दबते, म्हणून फोटोसाठीसुद्धा उतरू नये.

सामानाचं थोडक्यात. चाळीस ते पंचेचाळीस मिलिमीटरचे ट्यूबलेस टायर पुरतात, हवा थोडी कमी ठेवा. मागचा गिअर शक्य तितका हलका घ्या. दऱ्यांमध्ये मोबाइलला रेंज जाते, नकाशा आधी उतरवून ठेवा. मे ते ऑक्टोबर हंगाम. थंडीत याच रस्त्यांवर स्कीच्या रेघा आखतात, त्या मोडू नका. पाणी संपलं तर गावाची दफनभूमी शोधा. फुलांना घालण्यासाठी तिथे नळ असतो, फक्त ‘पिण्याचे पाणी नाही’ अशी पाटी नाही ना ते बघून घ्या. खिशात राजगिऱ्याची चिक्की मी नेहमी ठेवतो, थंडीतही ती दातांनी तुटते.

काल्टनब्रॉनहून मुर्ग नदीच्या दरीत उतरणारा रस्ता लांब आणि वेगवान आहे. खाली फोरबाखला छप्पर असलेला लाकडी पूल आहे. या दरीतल्या जंगलमालकांची आणि लाकूडव्यापाऱ्यांची संस्था, मुर्गशिफरशाफ्ट, १४८८ पासून नोंदलेली आहे आणि आजही तिच्याकडे मोठं जंगल आहे. रस्ते नव्हते तेव्हा ओंडके बांधून नदीतून सोडत आणि ते ऱ्हाईनमार्गे पार हॉलंडच्या जहाजबांधणीपर्यंत जात. लाकडाचे तराफे वाहून नेण्याच्या या कलेला युनेस्कोने २०२२ मध्ये वारसा यादीत घेतलं, जर्मनीसह सहा देशांच्या नावाने. फोरबाखहून कार्ल्सरुहेची गाडी मिळते. पण पायांत जोर असेल तर ती सोडून द्या. मुर्गच्या काठाने सायकलवाट खाली रास्टाटपर्यंत जाते, जवळपास सगळा उतारच, आणि वाटेत लाकडाच्या वखारी अजून चालू दिसतात.