साठ डॉलरची खुर्ची

नाशिकमध्ये कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी आम्हा बायकांचा एक घोळका असतो. अमेरिकेहून परत आल्यावर तिथे सगळ्यात जास्त चर्चा झाली ती एका खुर्चीची. मेक्सिकोचं, जहाजाचं कोणी फारसं विचारलंच नाही. "नुसतं बसायचे पाच हजार रुपये? बाई गं!" यावर प्रत्येकीने आपलं मत दिलं आणि त्यात दोन फेऱ्या कधी संपल्या ते कळलंही नाही. चालता चालता मला नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. नाशिकहून हल्ली कितीतरी आईवडील मुलांकडे अमेरिकेला जातात आणि मुलं त्यांना हौसेने क्रूझवर नेतात. तेव्हा जहाजावर शांत बसायला जादा पैसे भरायचे का, हा प्रश्न त्यांच्यापुढेही येणारच आहे.

लेक-जावई ह्यूस्टनला असतात. तिथून गॅल्व्हेस्टनचं बंदर गाडीने तासाभरावर. मेक्सिकोला जाऊन येणारी आमची आठवडाभराची क्रूझ तिथूनच निघाली. आम्ही दोघं, लेक-जावई, दोन नातवंडं, नाशिकहूनच आलेले विहीणबाई-व्याही आणि अक्का. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांना न्यायचंच असा माझ्या लेकीचा हट्ट होता.

अक्कांविषयी थोडं सांगायलाच हवं. लग्न होऊन त्या पंचवटीतल्या आमच्या वाड्यात आल्या आणि आजतागायत तिथेच आहेत. गंगेपासून चालत पाच मिनिटांवर घर असणं म्हणजे काय, हे नाशिककरांनाच कळेल. कोणाचा दहावा असो, अस्थिविसर्जन असो, त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी असो, चार जिल्ह्यांतले नातेवाईक आमच्याकडेच उतरतात. २०१५ च्या सिंहस्थात तर अंगणात, माडीवर, जिन्याखालीसुद्धा अंथरुणं होती. या सगळ्यांचा चहा, अंघोळीचं पाणी, उपासाचं, बिनउपासाचं अक्कांनीच पाहिलं. दुपारी जरा आडव्या झाल्या की दारात कोणीतरी हाक मारणारच. त्याबद्दल त्यांच्या तोंडून मी कधी तक्रार ऐकली नाही. पण त्यांना दिवसाउजेडी स्वस्थ झोपलेलं पाहिल्याचंही मला आठवत नाही.

व्हिसा, विमान, जेट लॅग यांवर खूप लोकांनी लिहिलं आहे, त्यामुळे ते सोडते. एवढंच सांगते की वैध अमेरिकन व्हिसा असेल तर मेक्सिकोसाठी भारतीयांना वेगळा व्हिसा लागत नाही. मात्र जहाज देशाबाहेर जाऊन परत येतं, तेव्हा आपल्या व्हिसावर एंट्री मल्टिपल आहे ना, हे निघण्याआधी पाहून घ्यावं.

गॅल्व्हेस्टनला समुद्राचं पाणी तपकिरी आहे. नद्यांचा गाळ सगळा तिथे येतो. संध्याकाळी जहाज निघालं तेव्हा बराच वेळ हेच गढूळ पाणी होतं. रात्री आखातात लांबवर दिवे लुकलुकत होते. गावं असावीत असं वाटलं, पण ते तेलविहिरींचे फलाट होते. सकाळी उठून वर गेलो तर चारी बाजूंना गडद निळं पाणी, इतकं निळं की अक्का कठड्याला धरून उभ्याच राहिल्या. पाण्यातून उडते मासे निघत होते. एक झुंबड वर यायची, पंख ताठ करून पाण्यालगत सरळ तरंगत जायची आणि पुन्हा बुडायची. अक्का म्हणाल्या, "अगं, मला वाटलं चिमण्याच आहेत."

हा आमचा पहिला 'सी डे'. सी डे म्हणजे जहाज कुठल्याच बंदरात थांबत नाही, अख्खा दिवस समुद्रात. बंदराच्या दिवशी निम्मं जहाज रिकामं होतं. सी डेला मात्र साडेतीन हजार माणसं एकाच वेळी जहाजावर असतात आणि ऊन चांगलं असलं की त्यातली बरीचशी पूलच्या डेकवर येतात.

नाश्ता करून आम्ही तिथे पोचलो तर माणसं कमी आणि टॉवेल जास्त. पूलभोवतीच्या ओळीच्या ओळी खुर्च्यांवर निळे टॉवेल अंथरलेले, त्यावर कुठे चप्पल, कुठे पुस्तक, कुठे उन्हात लावायच्या क्रीमची बाटली. माणसांचा पत्ता नाही. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, अगदी तस्सं. फरक एवढाच की एसटीत रुमालवाला निदान दोन मिनिटांत आत शिरतो, इथे टॉवेलवाला थेट जेवण करूनच उगवतो. काही कंपन्यांनी यावर नियम केले आहेत. कार्निव्हलच्या जहाजांवर खुर्ची चाळीस मिनिटं रिकामी दिसली तर कर्मचारी त्यावरचं सामान उचलून ठेवतात. आमच्या जहाजावरही अशी पाटी होती, पण सामान उचलताना मला तरी कोणी दिसलं नाही. वर भल्यामोठ्या पडद्यावर गाण्यांचा कार्यक्रम, शेजारी माइकवरून खेळ चाललेले, पाण्यात मुलांचा दंगा. मुलांनी दंगा करावाच, त्यासाठीच पूल आहे. पण अक्का एका खांबाला टेकून उभ्या होत्या आणि त्यांचे गुडघे दुखत होते, हे मला दिसत होतं.

आमच्या केबिन आतल्या बाजूच्या. खिडकी नाही, बाल्कनी तर नाहीच. बाल्कनीची केबिन बरीच महाग पडते आणि आम्ही एवढी माणसं, त्यामुळे जावयांनी योग्य तेच केलं होतं. पण त्याचा अर्थ असा की समुद्र पाहत निवांत बसायचं तर ते डेकवरच.

तेव्हा लेक म्हणाली, "आई, पुढच्या बाजूला मोठ्यांचा वेगळा डेक आहे, पैसे भरून. तू आणि अक्का जा." आमच्या ह्यांचं म्हणणं पडलं की तिकिटाचे पैसे आधीच भरलेत, त्यात खुर्ची येत नाही का? प्रश्न बरोबर होता. त्यावर पुढे येतेच.

एका काचेच्या दाराबाहेर छोटा काउंटर होता. पूर्ण दिवसाचे माणशी साठ डॉलर, अर्ध्या दिवसाचे चाळीस. अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. काउंटरवरच्या मुलाने माझं आडनाव वाचलं आणि थेट मराठीतच विचारलं, "काकू, कुठून आलात?" मुलगा वसईचा. नाशिक म्हटल्यावर म्हणाला, "माझी मावशी सिडकोला असते." त्याच्याकडूनच कळलं की सी डेच्या जागा बहुतेक जहाज सुटायच्या दिवशीच भरतात. जहाजावर पाय ठेवल्या ठेवल्या लोक आधी इथे येऊन रांग लावतात. आम्हाला मिळाल्या त्या कोणीतरी रद्द केलेल्या.

आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवलं ते म्हणजे गाणी थांबली. अगदी बंद नाही झाली, वारा फिरला की पडद्यावरच्या गाण्याचा ठेका पुसट ऐकू यायचा. पण माणसं हळू बोलत होती. लाउंजरवर जाड गादी, त्या मुलाने टॉवेल गादीखाली खोचून घडी मोडू न देता अंथरला, पायाशी एक शाल ठेवली, काकडीच्या चकत्या घातलेलं गार पाणी आणून दिलं. वर अर्धं कापडी छत. खुर्च्यांमध्ये एवढं अंतर की मध्ये एक माणूस सहज जाईल. ह्यापलीकडे सोनंनाणं काही नाही. खाण्याचा एक छोटा मेनू आहे, त्याचे पैसे वेगळे. त्यात शाकाहारी म्हणजे सँडविच आणि फळं. मसाज हवा तर त्याचे आणखी वेगळे.

अक्का आधी गादीच्या कडेवर बसल्या, पाहुण्यांकडे बसतात तशा. मग पाय वर घेतले. पर्समधून जपमाळ काढली. थोड्या वेळाने त्या मुलाला म्हणाल्या, "अरे, डोळा लागला तर जेवायच्या वेळेला उठव हं."

तो म्हणाला, "नाही आजी. इथे झोपलेल्याला उठवायचं नाही, आम्हाला तसंच शिकवलंय."

अक्का झोपल्या. माळ हातात तशीच, तोंडावर पदर. मी शेजारी जागी होते. दोन तासांहून जास्त वेळ त्यांना कोणी हाक मारली नाही. त्या वेळी मला पैशांचा विचार सुचला नाही, हे मी खरं सांगते. मला एवढंच वाटत होतं की इतकी साधी गोष्ट या बाईला मिळायला सत्तरी उलटावी लागली.

असे डेक आता बऱ्याच कंपन्यांकडे आहेत, पण पद्धत प्रत्येकीची वेगळी, आणि इथेच बुकिंगआधी डोळे उघडे ठेवायला हवेत. प्रिन्सेस कंपनीने २००६ साली क्राउन प्रिन्सेस या जहाजावर 'सँक्च्युअरी' नावाने पैसे घेऊन मोठ्यांचा डेक सुरू केला. नॉर्वेजियनचा 'व्हाइब बीच क्लब' आहे, त्याचे पास मोजकेच असतात आणि सहसा पूर्ण सफरीचेच विकतात. उलट कार्निव्हलचा 'सेरेनिटी' डेक फुकट, वयाची अट एकवीस. रॉयल कॅरिबियनचं 'सोलॅरियम' फुकट, अट सोळा. मुलांसाठीच ओळखल्या जाणाऱ्या डिस्नीच्या जहाजांवरसुद्धा मोठ्यांसाठी 'क्वाएट कोव्ह' पूल आहे आणि त्याचे वेगळे पैसे नाहीत. व्हर्जिन व्हॉयेजेसची तर सगळी जहाजंच अठरा वर्षांवरच्यांसाठी. म्हणजे तिकीट पाहताना दोन जहाजांच्या भाड्यात थोडाच फरक असेल, तर एकावर शांत डेक तिकिटातच आहे आणि दुसऱ्यावर रोजचे साठ डॉलर, हा हिशेब घालून बघायला हवा. घरात चार मोठी माणसं असली तर तो फरक लहान राहत नाही.

आता ह्यांच्या प्रश्नाकडे. क्रूझचा धंदा असा आहे की तिकीट आकर्षक ठेवायचं आणि बाकीचं जहाजावर विकायचं: दारू, वायफाय, मसाज, बंदरावरच्या सहली आणि आता जागाही. पहिल्या चारांबद्दल माझं काही म्हणणं नाही, ज्याला हवं त्याने घ्यावं. जागेचं मला खटकतं. डेक काही वाढत नाही. पुढच्या बाजूचा, जिथून समुद्र सगळ्यात मोकळा दिसतो तो तुकडा काचेच्या दाराआड गेला की उरलेल्या डेकवर तेवढीच गर्दी वाढते, आणि गर्दी वाढली की दाराआडची जागा आणखी महाग विकता येते. हे न्यायाचं नाही. बसायला जागा आणि थोडी शांतता तिकिटातच हवी, असं माझं ठाम मत आहे.

आणि ते अशक्य नाही, हे आपण नाशिककर इतरांपेक्षा जास्त जाणतो. नाशिकरोडहून मुंबईला रोज जाणाऱ्या पासधारकांनी पंचवटी एक्स्प्रेसमध्ये एक डबा 'आदर्श कोच' करून दाखवला. मोबाइलवर मोठ्याने बोलायचं नाही, पत्ते कुटायचे नाहीत, कचरा करायचा नाही. हे नियम प्रवाशांनीच केले आणि प्रवाशांनीच पाळले. त्याची लिम्का बुकमध्ये नोंद झाली. माझ्या भावाने नोकरीतली कितीतरी वर्षं त्या गाडीने ये-जा केली. तो सांगतो की त्या डब्यात सकाळी माणसं खरंच झोपून मुंबईला पोचत. जादा तिकीट नाही, काचेचं दार नाही.

पण जहाजावर आपण आठवडाभराचे पाहुणे. तिथे नियम करायला आपल्या हातात काही नसतं आणि अक्कांचे गुडघे वाट पाहणारे नव्हते. म्हणून मत बाजूला ठेवून मी पैसे भरले आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा भरीन.

ज्यांना उपयोग व्हावा त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं. बाल्कनीची केबिन असेल तर या डेकवर खर्च करायची गरज नाही, तुमची बाल्कनी हाच तुमचा शांत डेक. आतली केबिन असेल तरच याचा खरा उपयोग. बंदराच्या दिवशी पैसे घालवू नका, त्या दिवशी साधा डेकही रिकामा असतो. सकाळचा अर्धा दिवस पुरतो, दुपारनंतर पूलवरची गर्दीही ओसरते. पुढच्या बाजूला उंचावर वारा फार लागतो आणि जहाजाचं हलणंही जास्त जाणवतं, तेव्हा कानाला रुमाल आणि बरोबर आलेपाकाच्या वड्या असाव्यात. मुलांना सोडून जाताना जीव खालीवर होतो, माझाही झाला. धाकटा नातू दाराच्या काचेला नाक लावून आत बघत होता. पण मोठ्या जहाजांवर मुलांसाठी किड्स क्लब तिकिटातच असतो, आणि तासाभराने त्याला आणायला गेले तर तो तिथून निघायला तयार नव्हता. दुपार आम्ही सगळी त्याच्याबरोबर पूलवरच काढली.

परतीच्या सी डेच्या आदल्या संध्याकाळी अक्का माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "उद्याचं त्या मुलाला सांगून ठेवलंय. अर्ध्या दिवसाच्या दोन जागा." पर्समधून डॉलर काढून त्यांनी माझ्या हातात ठेवले. नाशिकहून निघताना बदलून आणलेले, सगळ्या प्रवासात एकही खर्च न केलेले. जहाजावर रोख चालत नाही, सगळं केबिनच्या कार्डावर लागतं, हे मी सांगितलं, तरी त्या ऐकेनात. "मग तुझ्या कार्डावर लाव आणि हे तू ठेव. पण पैसे माझे." मी म्हटलं, "बरं अक्का, आपण दोघी सकाळीच जाऊ."

"तू नाही गं," त्या म्हणाल्या. "तू एकदा बसलीस. विहीणबाईंना नेते. त्यांच्या घरीही सासूबाईंचं दोन वर्षं अंथरुणावरचं दुखणं झालं, सगळं त्यांनीच केलं."

दुसऱ्या दिवशी नाश्ता होताच दोघी गेल्या. मी नातवंडांना घेऊन पूलवर गेले. पहिल्या ओळीतल्या एका खुर्चीवर तासभर नुसता टॉवेल होता. तो मी कर्मचाऱ्याला बोलावून उचलायला लावला आणि तिथे बसले.