बॉम्ब घेऊन आलेला पोरगा

सिनेमातला क्रांतिकारक म्हटला की करारी चेहरा आणि तोलूनमापून बोलणं आलंच. आयरिश लेखक ब्रेंडन बीअन यात कुठेच बसत नाही. १९३९ च्या अखेरीस आयरिश रिपब्लिकन आर्मी या ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र संघटनेसाठी हा डब्लिनहून लिव्हरपूलला आला, तेव्हा वय सोळा आणि तोंड भलतं सैल. बॉम्ब फुटायची वेळच आली नाही. घरमालकिणीनं खालून हाक मारली, दोन गृहस्थ भेटायला आलेत म्हणून. गृहस्थ पोलीस होते आणि स्फोटकांची सुटकेस अजून खोलीतच होती! वय आडवं आलं म्हणून मोठी शिक्षा टळली, तीन वर्षं बॉर्स्टलची मिळाली. बॉर्स्टल म्हणजे पोरांचं सुधारगृह.

पीटर शेरिडनचा ‘बॉर्स्टल बॉय’ (२०००) हा सिनेमा याच दिवसांवर बेतलाय. त्यातलं सुधारगृहाच्या गव्हर्नरच्या मुलीचं प्रेमप्रकरण मला जरा गुळमटच वाटतं. खरी गंमत पोरांच्या टोळक्यात आहे. बीअनच्या घरातच इंग्रजांचा द्वेष मुरलेला. आयर्लंडचं राष्ट्रगीत लिहिणारा पीडर कर्नी याचा सख्खा मामा. लिव्हरपूलच्या वॉल्टन तुरुंगात शिपायांनी बडवलं, त्याचं त्याला नवल नव्हतं. पण संघटना सोडल्याशिवाय चर्चचे धार्मिक संस्कार मिळणार नाहीत, असं त्याच्याच कॅथलिक पंथाच्या पाद्र्यानंही बजावलं. हा घाव घरचाच!

आणि मग सफोकमधलं हॉलस्ली बे. शेती, जवळच समुद्र, आणि भोवती इंग्रज पोरं: कुणी चोर, कुणी खलाशी. याला ‘पॅडी’ (आयरिश माणसाला चिडवायचं नाव) म्हणून चिडवायचं, आणि तंबाखूही याच्याशीच वाटून घ्यायची. शिपायाच्या लाठीपुढे जे मत तसूभर हललं नाही, ते इथे नुसत्या चकाट्या पिटताना सैल पडत जातं. खलाशी चार्लीला तर हा मनापासून आवडतो, आणि सिनेमा ते आडपडदा न ठेवता दाखवतो. ही पोरं नाटक बसवतात तेही नाटककार ऑस्कर वाइल्डचं. तोही डब्लिनचाच, आणि इंग्लंडच्या तुरुंगात दोन वर्षं काढून आलेला. निवडणाऱ्याला दाद द्यायला हवी.

बीअन सुधारला, असं मात्र कुणी समजू नये. १९४२ मध्ये डब्लिनमध्ये त्यानं पोलिसांवर गोळ्या झाडल्या, चौदा वर्षांची शिक्षा घेतली आणि १९४६ मध्ये माफीत सुटला. पुढे १९५८ मध्ये या सगळ्यावरचं त्याचं आत्मकथन लंडनमध्ये छापून आलं. बंदी घातली ती आयर्लंडनं.