तुम्ही विचारलंत म्हणून: जमीन आरोग्य पत्रिका असताना मातीचा नकाशा कशाला?

मृदा सर्वेक्षणाची माणसं शेतात खड्डा खणायला लागली की हा प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्तच आहे.

पत्रिकेसाठी माती घेतात ती साधारण वरच्या 15 सेंटिमीटरमधली. सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, सूक्ष्म अन्नद्रव्यं त्यातून कळतात. खताची मात्रा ठरवायला तेवढं पुरतं. पण संत्र्याची मुळं त्याच्या बरीच खाली जातात. तिथे चुनखडी लागली की झाडाला लोह मिळत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात. चिकण घट्ट असली तर पाणी साचून मुळं कुजतात.

म्हणून खड्डा. 2 मीटर लांब, 1 मीटर रुंद, दीड ते 2 मीटर खोल. आधीच कातळ लागला तर तिथपर्यंत. ज्या भिंतीवर ऊन पडतं ती तपासायची, त्या काठावर उभं राहायचं नाही, उपसलेली माती तिथे टाकायची नाही. भिंत सुरीनं हलक्या हातानं उकरायची, कारण फावड्यानं ती गुळगुळीत होते आणि मातीच्या कणांची ठेवण दिसत नाही. मग थर आखायचे, रंग मनसेलच्या रंगपुस्तिकेशी ताडायचा, 10 टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकायचे. फसफसलं की चुना आहे. खोल काळ्या मातीत अर्ध्या मीटरखाली तिरपे, चकाकणारे पापुद्रे दिसतात. माती ओली होऊन फुगते, ढेकळं एकमेकांवर घासतात, त्याच्या त्या खुणा. नमुने मात्र तळापासून वर घ्यायचे. उलट केलं तर वरची माती खालच्या थरावर सांडते, आणि प्रयोगशाळेत ही भेसळ ओळखू येत नाही.

बांध, विहीर, जुना गोठा, उकिरडा, तलावातला गाळ पसरलेलं शेत, या जागा टाळायच्याच.

नागपूरला मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरोनं (स्थापना 1976) राज्यांचे नकाशे 1:2,50,000 प्रमाणावर तयार केले. त्यात 1 चौरस सेंटिमीटर म्हणजे 625 हेक्टर. जिल्ह्याच्या नियोजनाला ते उत्तम, पण त्यात आपला गट नंबर शोधू नका. 1:10,000 च्या नकाशात तेवढ्याच जागेत 1 हेक्टर बसतं. शेतकऱ्याच्या कामाचा नकाशा तो.

तिथेही प्रत्येक शेतात खड्डा होत नाही. उपग्रहाच्या चित्रावरून आणि उतारावरून हद्दी आखतात, मग ऑगरनं (मातीत भोक पाडायच्या गिरमिटानं) भोकं पाडून तपासतात. ही तपासणी घाईत उरकली की नकाशा बिघडतो. ओलिताचं हिरवं शेत उपग्रहाच्या मिश्ररंगी (खऱ्याहून वेगळे रंग दिलेल्या) चित्रात लाल दिसतं, शेजारचं कोरडवाहू फिकट. दोघांच्या मधली रेघ मातीची हद्द म्हणून आखली जाते, खाली माती एकच असते. उन्हाळ्यातलं, पीक नसलेल्या रानाचं चित्र वापरलं तर ही गल्लत बरीच टळते.

नकाशा हाती आला की आधी खोली, चुना आणि निचरा पाहा. बाग लावणार असाल तर तरीही आपल्या शेतात एक खड्डा घ्याच, कारण नकाशातल्या एका रंगाखाली थोडीफार दुसरी मातीही असते.